सेलच्या कांडीवरचं शिसं

देवकाबाईची म्हैस साधी मेली नव्हती. आधी आंधळी झाली, मग करकरा दात खाऊ लागली आणि शेवटी गोठ्याच्या भिंतीवर डोकं आपटून आपटून आडवी झाली. नाचणगावच्या नाल्याकाठी जुन्या मोटारींच्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणारी भट्टी सुरू झाली होती. देवकाबाईची विहीर त्या नाल्याला लागूनच. त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात कळशीभर पाणी घेऊन ती थेट पुलगावच्या कॉलेजात आली. तिथे रसायनशास्त्र शिकवणारी कोकिळा तिच्या माहेरची, आष्टीची.

"पोरी, याच्यात काय हाये ते सांग. भट्टीवाला म्हणते, पानी गंगेवानी हाये."

पाण्यातला धातू ओळखणारं यंत्र प्रयोगशाळेत होतं. बारीक नळीतून पाऱ्याचे थेंब पाण्यात सोडायचे आणि त्यांतून वीज खेळवायची. प्रत्येक धातूचा व्होल्ट वेगळा, तो आला की काटा हलतो. पण पारा विभागप्रमुख मधुकररावांच्या कपाटात होता.

"भट्टी पुंडलिकरावांची आहे, मॅडम," ते हळूच म्हणाले. "आणि ते आपल्या संस्थेचे संचालक. शिवाय पारा विषारी. सांडला म्हणजे?"

"सर, विहिरीत विष आहे की नाही, तेच तर बघायचंय."

मधुकररावांनी किल्ली खिशात टाकली.

पारा नाही तर नाही, कोकिळा मनाशी म्हणाली. पाऱ्याच्या थेंबाऐवजी वीज वाहणारी एखादी कांडी चालली असती. तांब्याची तार लावली, तर ती स्वतःच विरघळून काटा नाचवू लागली. पेन्सिलीतलं शिसं नावाचंच शिसं, त्यात ग्रॅफाइट आणि माती. मातीने सगळा घोळ केला. मग तिने टॉर्चचा जुना सेल फोडून मधली काळी कांडी काढली. ही बरी होती, पण सच्छिद्र. पाणी आत शिरे आणि काटा दारुड्यासारखा झुलत राही. शेवटी तिने मेणबत्त्या वितळवून कांडी त्या मेणात बुडबुडे थांबेपर्यंत उकळली आणि टोक पॉलिश कागदावर घासून आरशासारखं केलं. पाऱ्याचा क्षार मात्र उघड्या फळीवरच होता, कारण कुलूप फक्त पाऱ्याला होतं. त्यातले चार कण पाण्यात टाकले की कांडीच्या टोकावर पाऱ्याची पातळ साय धरे. आधी उलटी वीज देऊन पाण्यातला धातू त्या सायीवर ओढून घ्यायचा, मग हळूहळू सोडायचा. सुटताना त्या धातूच्या व्होल्टवर काटा उठे.

देवकाबाईचं पाणी लावलं आणि शिशाच्या जागी काटा ताडकन उठला.

दुसऱ्या दिवशी मधुकरराव म्हणाले, "मेणबत्तीत तळलेल्या सेलवर कोण विश्वास ठेवणार?"

"मग सगळ्यांसमोर करते. पाणी पुंडलिकरावांनाच आणू द्या."

पुंडलिकराव आले ते तीन बाटल्या घेऊन. व्हरांड्यात नाचणगावच्या बायका दाटल्या होत्या. "यातली एक त्या विहिरीची आहे. ओळखा," पुंडलिकराव हसत म्हणाले.

कोकिळाने पहिली बाटली लावली. काटा हलला नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. काटा जागचा ढिम्म.  एखादीवर बोट ठेवलं असतं तर सुटका होती. पण जे नव्हतं ते होतं म्हणायला तिची जीभ वळेना.

"यात शिसं नाही. एकाही बाटलीत नाही."

"ऐकलं ना? मॅडमच म्हणतात, शिसं नाही!" पुंडलिकराव उठले.

"बसा. माझं संपलं नाही. तुम्ही विहिरीचं पाणी आणलंच नाहीये."

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत देवकाबाई आत आली आणि तिने कळशी टेबलावर आदळली. "तुमी नाई आणलं तं मी आणलं. आत्ताच, चार बायकांच्या समोर भरलं. पाहून घे, पोरी."

काटा उठला. मधुकरराव खुर्ची ओढून जवळ आले. "पुन्हा करा," ते म्हणाले. तिने केलं. काटा पुन्हा तिथेच उठला.  मधुकरराव पुंडलिकरावांकडे न बघता म्हणाले, "शिसंच आहे."

"कॉलेज कोणाचं आहे, विसरू नका," पुंडलिकराव कोकिळाला म्हणाले. "माफी मागा."

"कशाची? काटा हलला त्याची?"

बायका तिथूनच नाल्यावर गेल्या. कोकिळाही पदर खोचून निघाली. दगड, माती, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे भारे, जे हाती लागलं ते टाकून त्यांनी भट्टीचं पाणी नाल्यात सोडणारी नाली बुजवली. आंबूस पाणी उलटं फिरून भट्टीच्या आवारात साचलं. पोलीस आले तेव्हा देवकाबाई बांधावर मांडी घालून बसली होती. "हे पानी लय चांगलं हाये म्हणते ना मालक? मंग राहू द्या त्याच्याच दारी. काऊन हटवता?"

कोकिळाची प्रयोगशाळा गेली, वर्षभर नुसते तास घ्यायला लावले. माफी तिने मागितली नाही. उन्हाळा सरता सरता भट्टीने गाशा गुंडाळला. विहीर मात्र कायमची वापरातून गेली, आणि म्हशीची भरपाई कोणी दिली नाही.

पुढच्या वर्षी गावाच्या वरच्या अंगाला हातपंप बसला. कोकिळाला प्रयोगशाळा परत मिळाली, तेव्हा त्याचं पाणी घेऊन देवकाबाई कॉलेजात आली. कोकिळाने लावून पाहिलं. काटा हलला नाही.

"पी आता बिनघोर," कोकिळा म्हणाली.

देवकाबाई जागची हलली नाही. "आणखी एक डाव पाह्य."

कोकिळाने कांडी घासली आणि पुन्हा पाण्यात सोडली.