परत आणलेली बाई

दोऱ्याचा फास उडदाच्या पिठाच्या वळीभोवती बसला, दोन्ही टोकं बोटांनी ओढली गेली आणि लाटी सुटून परातीत पडली — गोल, तुकतुकीत, कापल्याची खूणही न दाखवणारी. गोदावरीला हे काम आवडायचं ते एवढ्यासाठीच की त्याला लक्ष लागत नाही, तोंड मोकळं राहतं. एकोणीसशे छत्तीस सालचा चैत्र संपत आला होता. अमरावतीला पार्बताबाईच्या अंगणात निंबाखाली सगळ्या भाऊबंदांतल्या बायका पोळपाट घेऊन बसल्या होत्या, आणि जी कादंबरी सांगेल तिने लाटायचं नाही, नुसत्या लाट्या कापायच्या, असा त्यांच्यात रिवाज पडून गेला होता. कादंबरी सांगणारी एकच होती, गोदावरी. तिचा नवरा वामनराव वकील, वाचनालयाची पुस्तकं त्याच्या नावावर घरी यायची, आणि बाकीच्यांपैकी कुणाला अक्षरं लागत नव्हती, कुणाला लागायची पण त्यांची ओळ होत नव्हती.

"मंग गोदाबाई, सापडला का त्याले खुनी?" गंगूबाईने विचारलं. ती भातकुलीची. खून म्हटला की तिचं लाटणं थांबायचं.

"सापडणारच. नाही सापडला तर पुस्तक संपणार कसं?"

हसल्या सगळ्या. गोदावरी हसली नाही. कोट घातलेला तो गुप्तहेर — बंद पडलेलं घड्याळ बघतो, गालिच्यावरचं बटण उचलतो आणि बटणावरून खुन्याचं आजोळ ओळखतो... वामनरावांकडे खून का थोडे यायचे? दर्यापूरकडचे, मोर्शीकडचे, शेताच्या धुऱ्यावरून, विहिरीच्या पाण्यावरून झालेले. आणि खुनी कुऱ्हाड मांडीवर घेऊन ठाण्याच्या पायरीवर बिडी ओढत बसलेला. त्याला शोधायला कोट कशाला लागतो? पण हे लिहिणारे मुंबईत, पुण्यात बसून लिहितात, आणि त्यांना वाटतं माणूस माणसाला मारतो ते पुढच्या माणसाने कोडं सोडवावं म्हणून.

"अन् ते उडत्या बाजेची?" पार्बताबाई म्हणाली. ती थोरली जाऊ, शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांच्या बागा दिरांच्या हवाली करून मुलांच्या शाळेसाठी शहरात राहिलेली. "त्या राजकन्येची. परवा अर्धी राह्यली होती."

ती तर त्याहून वरताण. सुतळीची बाज मंत्र म्हटला की उडते, पाताळात महाल, महालात कैदेतली राजकन्या, तिच्या केसांतून उजेड पडतो... हा लेखक कधी बाजेवर झोपला तरी होता का? निदान एक ढेकूण तरी लिहायचा. राजकन्येला एवढी वर्षं पाताळात कोंडून ठेवली आणि तिला एकदाही कंटाळा आला नाही, भांडावंसं वाटलं नाही, भूक लागली नाही, नुसता उजेड. अशा बायका पुरुषांच्याच डोक्यात असतात. गोदावरीने राजकन्या सोडवली, तिला बाजेवरून सासरी आणली, सासूच्या पाया पाडली, आणि पार्बताबाईने समाधानाने पापड धोतरावर टाकला.

पुस्तकात राजकन्या सासरी येत नव्हती. पुस्तकात ती बाज घेऊन निघून जायची. कुठे, ते लेखकालाही सुचलं नव्हतं.

हे अंगणात कुणाला ठाऊक नव्हतं. गोदावरी शेवट बदलायची — प्रत्येक कादंबरीचा, इतकी वर्षं, अशा सहजतेने की आता वाचतानाच तिला दोन शेवट दिसायचे, एक छापलेला आणि एक अंगणातला, आणि अंगणातला बहुधा जास्त बरा असायचा. खुनी आईच्या एका शब्दाने कबूल होई. घर सोडून गेलेली परत येई. या बायकांना हेच हवं असतं. डोळ्यांना पदर लावायला मिळाला की दुपार वसूल. मी यांना कादंबरी सांगत नाही, खिमटी भरवते... आणि या चाटूनपुसून खातात.

पण पहिल्यांदा ते त्यांच्यासाठी केलं नव्हतं.

अकोल्याहून नवी आली तेव्हाची गोष्ट. शाळेत शिकलेली, ट्रंकेत लुगड्यांखाली एक कादंबरी. सासू तानुबाई ओसरीवर बसायची, हात मांडीवर, डोळे अर्धे मिटलेले. तिने विचारलं, काय हाय वं त्याच्यात? आणि गोदावरीने होतं तसं सांगितलं, त्यातली मुलगी बापाशी भांडून कुणाबरोबर तरी निघून जाते ते. तानुबाई उठली, पुस्तक घेतलं, न्हाणीच्या बंबात घातलं आणि त्याच पाण्याने गोदावरीला न्हायला लावलं. केस पुसताना पाठीवरून कढत पाणी ओघळत होतं... पुढचं पुस्तक मिळायला पावसाळा अख्खा गेला. त्या पुस्तकातलीही मुलगी जायचीच — सगळ्याच जातात, लेखकांना दुसरं काही येतच नाही — पण तानुबाईला सांगताना गोदावरीने तिला फाटकातून माघारी फिरवली. सासूच्या पायांवर डोकं ठेवायला लावलं. तानुबाईने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, वाच माय, असं चांगलं वाचत जाय.

तेव्हापासून वाचते आहे. कुणी अडवलं नाही.

"आता ते पिरमाची सांगा," गंगूबाई म्हणाली. "त्या डाक्टराच्या बायकोची."

प्रेमाची. गोदावरीने दोरा सरळ केला. ही तर सगळ्यांत भिकार. नायक कवी, त्याला पान उलटलं की ताप चढतो. नायिका डॉक्टरची बायको, ती ताप उतरवायला जाते आणि उतरवता उतरवता... सगळं चांदण्यात. नवरा वाईट नाही, फक्त जेवताना बोलत नाही, आणि तेवढ्यावर ती बाई एका संध्याकाळी चपला घालून स्टेशनावर निघते. कवीकडे नव्हे — कवीला तोवर लेखकही कंटाळलेला असतो — एकटीच. कुठलं तिकीट काढलं तेही लिहिलेलं नाही. गाडी येते आणि पुस्तक संपतं. याला शेवट म्हणतात!

"— तर ती फलाटावर उभी राहिली," गोदावरी सांगू लागली, "आणि गाडी आली. आणि तिला आठवलं की देवापुढचा दिवा आपण न लावताच आलो. मग ती तशीच मागे फिरली. घरी आली तर नवरा अंधारात बसलेला..."

"काकू, तसं नाई होत त्याच्यात."

आवाज खांबाजवळून आला. पार्बताबाईची सून, तारा. माघात लग्न होऊन अकोल्याहून आलेली, बाप मास्तर, पापड लाटते तो एका बाजूला जाड. तिला पुस्तकं मिळायची ती गोदावरी वाचून "चांगलं आहे" म्हणेल तेव्हाच; पार्बताबाईनेच तसं ठरवलं होतं.

"काय नाई होत?" पार्बताबाईने विचारलं.

"म्या वाचली हाय ते. लग्नाआधी, माहेरी. ते बाई परत येतच नाई. गाडीत बसून जाते."

लाटणी थांबली. गोदावरीने ताराकडे पाहिलं आणि तिला आधी राग आला नाही, आली ती किळस — एखाद्याने भरल्या पंगतीत तोंडातला घास काढून दाखवावा तशी. मूर्ख. खरं सांगते. सासूच्या अंगणात बसून, सासूच्या तोंडावर, त्या बाईला गाडीत बसवते. बापाने हिला वाचायला शिकवलं आणि वाचलेलं कुठे ठेवायचं ते शिकवलं नाही.

"गोदा," पार्बताबाई म्हणाली, "तूच सांग वं. हे पोट्टी खरं बोलून राह्यली का?"

एवढंच विचारलं होतं. हो म्हणायचं होतं... हो म्हटलं असतं तर पार्बताबाईने पुढचं विचारलं असतं, मग मागचं विचारलं असतं. माघारी आणलेल्या सगळ्या बायका एकेक करून अंगणातून उठून गेल्या असत्या, आणि लाट्या कापणारीपुढे पोळपाट आलं असतं. बंबातलं पाणी... दोरा बोटाला रुतला.

"नव्या मुली घाईने वाचतात," गोदावरी म्हणाली. "शेवटची पानं राहून जातात त्यांची."

"बाप्पा," गंगूबाई म्हणाली, "मले वाटलंच. दिवा लावल्याबिगर कोन बाई जाईन?"

पार्बताबाई रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पिठाचा हात झटकला आणि भाजी निवडताना बोलावं तशी बोलली, "तारा, तुले वाचता येत नाई नीट. उगाच डोळे फोडू नोको. पुस्तकं बंद कर आता. गोदाकाकू सांगते ते आईकत जाय, तेवढं लय झालं."

ताराने मान खाली घातली आणि लाटू लागली. पापड जाडच होत होता.

मग सगळ्या म्हणाल्या, पुढचं सांगा. गोदावरीने नवऱ्याला अंधारातून उठवलं, दिवा लावला, दोघांना जेवायला बसवलं. पदर डोळ्यांना लागले. बायका! कणभरही शंका नाही... खरं बोलणारी समोर बसली आहे, नुकतीच तिची जीभ छाटली, आणि या रडतात कुणासाठी, तर मी आत्ता बसल्या जागी रचलेल्या एका नवऱ्यासाठी.

ऊन कलल्यावर हात धुवायला ती विहिरीवर गेली तेव्हा तारा तिथे पोहरा ओढत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"इकडे ये," गोदावरी म्हणाली. आवाज तिने कोरडा ठेवला. "अक्कल आहे का तुला? वाचायची गोष्ट वेगळी आणि सासूला सांगायची वेगळी. महिनाभर गप्प बस. मग मीच तुला एखादं पुस्तक देईन. सासूने विचारलं की सांग, बाई घरी आली. एवढंच करायचं असतं. जन्मभर वाचशील."

ताराने पोहरा काठावर टेकवला. ती रडलेली नव्हती. रडली असती तर तिला तुच्छ मानणं सोपं गेलं असतं.

"मले नाई जमत, काकू."

"जमतं. सगळ्यांना जमतं."

"अन् मंग वाचायचं कशाले?" तारा म्हणाली. उद्धटपणा नव्हता त्यात, खरंच विचारत होती. मग म्हणाली, "ते बाई एवढी हिंमत करून स्टेशनापर्यंत जाते. तुमी तिले परत काहून आणता?"

गोदावरीने पिठाचे हात पुढे केले.

"पाणी घाल," ती म्हणाली. ताराने तिच्या हातांवर पाणी घातलं, नखांतलं पीठ सुटेपर्यंत घातलं, आणि पोहरा पुन्हा आत सोडला.

पुढे पुष्कळ वर्षं गेली. पार्बताबाई शेंदूरजनाघाटला परत गेली आणि बागेतल्या घरात वारली. मरेपर्यंत ती दिवा लावायला फलाटावरून परतलेल्या डॉक्टरच्या बायकोची गोष्ट नातींना सांगायची. गंगूबाईच्या सुनेने तबकड्या वाजवायचा फोनो आणला आणि अंगणातली गर्दी तिकडे गेली. वामनराव नागपूरच्या कोर्टात उभे राहू लागले, पुस्तकं अधिक चांगल्या बांधणीची येऊ लागली. ताराचा नवरा तिला घेऊन अकोल्याला राहायला गेला. तिथे ती वाचते की नाही हे कुणी सांगितलं नाही आणि गोदावरीने विचारलं नाही; लग्नाकार्यात भेटली की तारा वाकून नमस्कार करायची, मुलांची नावं सांगायची, दुसरं काही नाही.

गोदावरीने सांगणं त्याच वर्षी सोडलं. डोळे दुखतात म्हणाली. डोळे दुखत नव्हते. ती दुपारी माजघरात बसून वाचत राहिली — रहस्याच्या, जादूच्या, प्रेमाच्या, सगळ्या तितक्याच भिकार — आणि प्रत्येक वेळी कुणीतरी बाई पुस्तकाच्या शेवटाला येऊन दाराबाहेर पाऊल टाकायची. गोदावरी सवयीने तिला हाक मारायला जाई... परत ये, दिवा राहिला आहे... आणि हाक न मारताच पुस्तक मिटून टाकी. ती बाई जायची. कुठे जायची ते लेखकाने लिहिलेलं नसायचं. त्या लेखकाविषयी वाटायची ती तुच्छता आता वाटेल म्हणून गोदावरी वाट बघत बसायची, मिटलेल्या पुस्तकावर हात ठेवून, आणि तुच्छतेच्या जागी जे येई त्याला तिच्याजवळ नाव नव्हतं.