अकरा मिनिटं उशिरा आलेला ग्रह

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली, तरी लॅपटॉपवर मुलाखतीचं बोलावणं आलं नव्हतं. चेतनानं तिसऱ्यांदा इंटरनेट तपासलं.

सासू भिकुबाई सात महिन्यांच्या काजलला कडेवर घेऊन आल्या. "तुन्हा तो ग्रह काय म्हनस?"

"आई, तीन दिनमा त्यानं वरीस सरी जास. ताराले चिकटेल, तपेल वायूना गोया शे तो."

"दर तीन दिनले दिवायी? तठली सून फराय करी करी मरी जाई वं!"

चेतनाला हसू आलं नाही. नंदुरबारच्या कॉलेजात ती प्रयोगशाळा सहायक. तो ग्रह ताऱ्यासमोरून जाताना उजेड किंचित मंदावतो. काजल निजली की गच्चीवर जाऊन उसन्या कॅमेऱ्यानं तिनं तो तीनदा टिपला होता. तिसऱ्यांदा ग्रह अकरा मिनिटं उशिरा आला. म्हणजे दुसरा, न दिसणारा ग्रह त्याला ओढत असणार. तिचा सगळा अर्ज त्यावरच उभा होता, आणि पुण्यात संशोधनाची जागा एकच होती.

"आई, अकरा वाजी ग्यात. बलावतस नई."

"त्या घड्यायकडे नको देखू. मी ते अकरा मिनिटं पुढे करेल शे. हेमकांतनी बस रोज चुके. नवराले सांगू नको हां, नहीतं ती अकरा मिनिटं हिशोबमा धरी लेस तो."

"कव्हय करं, कोनता दिन?"

"होयीना दुसरा दिन."

चेतनानं मनात दिवस मोजले. तिसरी नोंद होळीनंतरची. लग्नाचे फोटो काढणाऱ्या भावेशचा तो जुना कॅमेरा; बॅटरी काढली की वेळ विसरायचा. त्या रात्री मोबाइल काजलच्या उशाशी अंगाई गात होता, म्हणून वेळ लावली ती याच घड्याळावरून.

स्क्रीन उजळली. "नमस्कार. तुमचा तो उशीर आम्हाला फार महत्त्वाचा वाटला. सांगा."

आत काजल रडू लागली. हे घड्याळ पुण्याहून कुणालाच दिसणार नव्हतं.

"मॅडम, ग्रहाला उशीर झालाच नाही. कॅमेऱ्याची वेळ मी चुकीची लावली होती."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"चार मिनिटांपूर्वी."

पलीकडे कुणीतरी कागद उलटला. "मग अर्जात काय उरतं?"

"तीन नोंदी. तिन्ही वेळेवर."

"बरं. कळवू."

"काय म्हने सायेब?" भिकुबाईंनी विचारलं.

"काई नई." चेतनानं काजलला पदराखाली घेतलं, नोंदवही उघडली आणि एका हातानं, लाल पेनानं, तिसऱ्या रात्रीची पहिली वेळ खोडून अकरा मिनिटं आधीची लिहिली. खाली अजून एकशे ऐंशी ओळी होत्या.