गाठोड्यातली मुलगी

लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, आणि मी सुखात आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोकांना वाटतं, बाईला आता पस्तावा झालेला दिसतोय. अजिबात नाही! साताऱ्याहून चेन्नईला नोकरीसाठी आले तेव्हा तिशीही गाठली नव्हती. जॉर्ज टाउनच्या सरकारी हिशेब ऑफिसात निवृत्त होईपर्यंत काम केलं, पूर्व तांबरमला दुसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट घेतला, आणि सकाळची कॉफी रोज शांतपणे बसून प्यायले. ज्यांना यात सुख दिसत नाही त्यांनी खुशाल चष्मा बदलावा.

आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर विजयलक्ष्मी मामी राहायच्या. तंजावरकडच्या मराठी. त्यांचं बोलणं म्हणजे आपल्या पणजीनं तमिळ सुरात बोलावं तसं. त्यांचा एकुलता एक मुलगा राजगोपाल बँकेत होता. मी इथे नवीन होते तेव्हा त्यानं एकदा जिन्यात थांबवून मला लग्नाचं विचारलं. मी सरळ सांगितलं, "तुम्ही माणूस चांगले आहात, पण मला लग्नच करायचं नाहीये." तो "सरी", म्हणजे बरं, म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखाच नमस्कार करून कामाला गेला. पुढे त्यानंही लग्न केलं नाही. का, ते त्याचं त्याला ठाऊक. त्याचं खापर माझ्या डोक्यावर फोडू नका. काही वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेला बिचारा.

यंदा नवरात्राच्या आधी मामींचा पुतण्या गिरिधर त्यांना कायमचं तंजावरला न्यायला आला. निघताना मामींनी मला खाली बोलावलं, कुंकू लावलं, आणि माझ्या पदरात लाल लाकडाची एक बाहुला-बाहुलीची जोडी घातली. इकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात, त्याला कोलू म्हणतात. त्यात अशी जोडी मानाची. लग्नात आई लेकीला देते ती.

"लेक झाली नाही, सून आली नाही," मामी म्हणाल्या. "तू घे गे. दरवर्षी तुझ्या हातानं नवे कपडे शिवून घाल. दशमीला दिवे लागले की गाणं म्हणून निजव. विसरू नको."

मी घेतली. निघालेल्या म्हाताऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे ही रीत नाही. बाहुली घेतली म्हणजे बाहुली घेतली, एवढंच मला वाटलं. पदरात काय घेतलं, ते नंतर कळलं.

घटस्थापनेला मी दोन पाट एकावर एक ठेवून कोलू मांडला. बाहुलीला इरकली खणाचा तुकडा नेसवला. बाहुल्याला काय घालावं सुचेना, तेव्हा जुना पांढरा रुमाल कापून छोटासा शर्ट शिवला. बरा दिसला की!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एळुमलै इस्त्रीचे कपडे घेऊन आला. चिंचेखाली त्याची गाडी असते. सकाळी दाराच्या कडीला पिशवी अडकवायची, संध्याकाळी तो गाठोडं आणून देतो. गाठोडं सोडलं तर माझ्या साड्यांवर एक पुरुषाचा पांढरा शर्ट.

"हा कोणाचा?"

"साराचा," एळुमलै म्हणाला. इकडे साहेबाला सार म्हणतात.

"कुठला सार? माझ्या घरात कधीपासून सार आला?"

मी थट्टा करतेय असं वाटून तो हसला. "सकाळी जिन्यात भेटले की. घाईत होते." आणि खाली निघून गेला. मी शर्ट कडीला लटकवून दार धाडकन लावलं. सकाळी शर्ट तिथे नव्हता. चला, ज्याचा त्यानं नेला, म्हटलं.

त्या संध्याकाळी गाठोड्यात शर्ट होताच, शिवाय एक झबलं होतं. तळहाताएवढं, बंदाचं, खोबरेल तेलाच्या वासाचं. त्याच्या दुसऱ्या दिवशी फ्रॉक. मग शाळेचा निळा पिनाफोर. एका दिवसात एखादं मूल किती वाढेल? ही पोर मात्र वाढत होती. मी एळुमलैला फैलावर घेतलं, शेजारी विचारलं, वॉचमनला विचारलं. सगळे मान डोलवायचे आणि म्हणायचे, हो हो, तुमच्याच घरचं. मी घरभर दिवे लावून ठेवले, पलंगाखाली वाकून पाहिलं. भीती वाटली का? वाटली. आणि त्याचाच मला राग येत होता.

पिनाफोरच्या कॉलरच्या आत शाईनं नाव लिहिलं होतं. देवनागरीत. 'ऊर्मी'.

हे नाव तंजावरकडचं नाही. हे नाव मला शाळेत असल्यापासून आवडायचं. कोणाला कधी बोलले नव्हते, राजगोपालला तर नाहीच. मी तो पिनाफोर मांडीवर घेऊन खुर्चीत बसले आणि बराच वेळ उठले नाही.

त्याची खालची दुमड उसवली होती आणि कोणीतरी ती परत शिवली होती. केवढे ते टाके! पुरुषमाणसानं शिवलेलं लगेच कळत होतं. माझ्यानं राहवेना. टाके उसवले, बारीक हातशिलाई घालून दिली, आणि पिशवी कडीला लावली. मला अशी ढिलाई बघवत नाही, बस्स, दुसरं काही नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

पुढचा युनिफॉर्म आणखी मोठा होता. त्याची दुमड बारीक, सरळ टाक्यांची, शेवटाला मी मारते तशीच दुहेरी गाठ. पोरीनं बघून बघून शिकून घेतलं होतं. मला इतका आनंद झाला की काय सांगू! आणि लगोलग मी गाठोडं पुन्हा उलटंपालटं केलं, कारण माझ्या चार साड्या दिल्या होत्या त्यातल्या दोनच परत आल्या होत्या.

"बाकीच्या दोन कुठे?" मी एळुमलैला विचारलं.

तो माझ्याकडे जरा परक्यासारखा बघायला लागला. "तुम्ही त्यांच्या कोण? अम्मांची बहीण का?"

"कुठल्या अम्मांची?"

"साराच्या बायकोची. त्या पोर झाली तेव्हाच गेल्या ना. सारांनी एकट्यानं वाढवली मुलीला. आईची भाषा यायला पाहिजे म्हणून पुस्तकं आणून शिकवली म्हणतात."

म्हणजे असं होतं तर! जिन्यात मी 'हो' म्हटलं असतं, तर तिशीच्या आसपास माझी तिरडी उठली असती. आधी मला हसू आलं, खरंच. ही सगळी वर्षं, माझी कॉफी, माझ्या सहली, माझी भांडणं, माझं पेन्शन, सगळं त्या एका 'नाही'वर उभं होतं. बघा म्हणावं, एकटं राहण्याचे फायदे! मग हसता हसता माझे डोळे भरून आले, कारण पोरीला पुस्तकातून मराठी शिकवणारा राजगोपाल मला डोळ्यांसमोर दिसत होता. स्वतःचं ते जुनंपानं मराठी बाजूला ठेवून, तिला माझं शिकवणारा.

मी तंजावरला मामींना फोन लावला. 'कशी आहेस' वगैरे काही नाही. त्यांनी पहिलं हेच विचारलं, "पोर केवढी झाली?"

"मामी, हे काय केलंत तुम्ही?"

"मी काय केलं? जोडी दिली. तू पदरात घेतलीस, कपडे शिवलेस. त्यांना जागं तू केलंस." त्यांचा आवाज मऊ होता, त्यांना नात झाल्याची बातमी द्यायला मी फोन केल्यासारखा. "दशमीला निजवू नको. निजवलं नाही तर ती राहील."

"आणि मी?"

मग म्हणाल्या, "एका घरात दोन्ही कसं मावेल गे? तुझं जगून झालं. पोर तरणी आहे."

"तुमचा मुलगा पण परत येईल, असंच ना?" मी ओरडले. त्या रडायला लागल्या, आणि मी फोन ठेवून दिला. म्हाताऱ्या बाईवर ओरडले. वाईट वाटलं, पण माझं जगून झालं हे ठरवणाऱ्या त्या कोण?

अष्टमीला गाठोड्यात वकिलाचा काळा कोट आला आणि गळ्याचे पांढरे बँड. म्हणजे हायकोर्टात उभी राहते! भांडखोर असणार, माझ्या वळणावर गेलेली. कोट मी पाठीमागून स्वतःच्या खांद्यांना लावून पाहिला. खांदे माझ्याएवढेच. माझी एकच साडी परत आली त्या दिवशी, तरी मी कोटाचंच बटण घट्ट करत बसले होते.

नवमीला आयुधपूजा. एळुमलैनं इस्त्री धुऊन, चंदन-कुंकू लावून गाडीवर ठेवली होती. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी, गाठोडं येणार नव्हतं. मला माहीत होतं. तरी मी संध्याकाळी दोनदा दार उघडून पाहिलं. इतकी वर्षं एकटी राहिले, पण एकटेपणा कशाला म्हणतात ते मला त्या रिकाम्या संध्याकाळी कळलं. हे मी कोणाला सांगणार नव्हते, पण आता सांगतेच आहे तर सगळंच सांगते.

दशमीला भाजी घेऊन आले तर वॉचमननं अडवलं. "कोणाकडे?" मी त्याला झापलं तरी तो हटेना. शेवटी दुसरं कोणी आलं तेव्हा त्यांच्या मागून आत शिरले. माझ्या दारावर पितळी पाटी होती, 'ऊर्मी राजगोपाल, वकील'. माझी किल्ली कुलपात जाईना. दोन्ही हातांनी दाबली तेव्हा कशीबशी फिरली. आत कपाटात माझ्या साड्या नव्हत्या. आरशात मी होते, पण मागची भिंत माझ्यातून दिसत होती.

बाहेर दिवे लागायची वेळ झाली. मी कोलूपुढे जमिनीवर बसले आणि बाहुली हातात घेतली. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"आई?"

साताऱ्याचं मराठी. माझ्या आईचा असायचा तसा जरासा घोगरा आवाज. "आई, दार उघड ना गं. बाबा म्हणाले तू आत आहेस. मला एकदाच बघू दे."

मी उठले. दाराला हात लावला. पलीकडून तिनंही हात ठेवला असावा, कारण लाकूड तिथेच कोमट झालं. कडी काढली की ती आत येईल आणि मी नसेन, हे मला पक्कं कळत होतं. सगळ्या जगातल्या आयांनी कडी काढली असती, असं लोक म्हणतील. म्हणू देत. मला उद्या सकाळी उठायचं होतं. मला डिसेंबरात संगीताच्या कार्यक्रमांना जायचं होतं, माझ्या गॅलरीतल्या अबोलीला पाणी घालायचं होतं. माझं आयुष्य मला हवं होतं. आणि ती पण मला हवी होती, देवाशपथ, इतकी की छाती दुखत होती.

मी कडी काढली नाही. दाराला पाठ लावून खाली बसले आणि बाहुली मांडीवर घेतली. गाऊन निजवायचं होतं, आणि मला एक अंगाई येत असेल तर शपथ! कधी कोणासाठी म्हणायची वेळच आली नव्हती. मग जे तोंडात होतं ते सुरात लावलं. इतकी वर्षं ऑफिसला जाताना लोकलमधून पाहिलेली स्टेशनं.

"तांबरम, सॅनेटोरियम, क्रोमपेट, पल्लावरम... त्रिसूलम, मीनंबाक्कम, नीज गं बाई नीज..."

थापा थांबल्या. ती बाहेर दाराला टेकून बसल्याचा आवाज आला. मी हळूहळू सगळी स्टेशनं घेतली. गिंडी, सैदापेट, मांबळम, कोडंबाक्कम, एग्मोर, पार्क, फोर्ट, बीच. गाडी संपली.

"अजून एकदा," बाहेरून आलं. आवाज आता शाळेतल्या मुलीचा होता.

मी पुन्हा तांबरमपासून सुरू केलं. दुसऱ्या खेपेला ती "अजून" एवढंच म्हणाली, बोबडं. तिसऱ्यांदा गिंडीच्या आधीच तिचा श्वास संथ झाला. मी तरी गाडी बीचपर्यंत नेली, मध्येच कशी सोडायची? मग बाहुल्याला आडवं केलं, त्याच्या शेजारी बाहुलीला आडवं केलं, आणि तिच्या अंगावर माझ्या पदराचं टोक घातलं.

दार उघडलं तेव्हा बाहेर कोणी नव्हतं. पाटीवर माझं नाव होतं. मी उंबऱ्यात बसून मोठमोठ्यानं रडले. शेजारची विद्यालक्ष्मी धावत आली, तिला म्हटलं, काही नाही, माझं माणूस गेलं. मग आत गेले, तोंड धुतलं आणि कुकर लावला. भूक लागली होती, खोटं कशाला सांगू.