टोकाची जागा

मी कॉफीची किटली बोलतेय. मुळात मी निळी. आता काळीकुट्ट झालेय. पण हे काजळ नवसाचं आहे, म्हणून ते कुणी घासत नाही.

आर्वोच्या हृदयाची शस्त्रक्रिया चालली होती, तेव्हा त्याच्या बायकोनं, हिल्कानं, बाहेरच्या बाकावर बसून देवाला शब्द दिला होता. हा आपल्या पायांनी घरी येऊ दे. दर उन्हाळ्यात तळ्याकाठी चूल पेटवून कॉफी करीन आणि पहिला कप तळ्याला वाहीन. आर्वो चालत घरी आला. त्याच आठवड्यात हिल्कानं थंडर बे शहरातल्या एका दुकानातून मला आणलं.

तळ्याकाठच्या उद्यानात तंबूसाठी जागा मिळवायची तर भर हिवाळ्यात नोंदणी करावी लागते. त्या सकाळी हिल्का मला तळघरातून वर आणते. मी टेबलावर आल्याशिवाय सहलीचं बोलणं सुरू होत नाही. उद्यानाचा नकाशा उलगडला की भांडण ठरलेलं. तिला नळाजवळची जागा हवी, त्याला पार टोकाची. नळाजवळच राहायचं तर स्वयंपाकघर काय वाईट, असं तो चिडवायचा. मग पाणी आणायला मी येणार नाही, असं ती बजावायची. शेवटी जागा टोकाचीच मिळायची, आणि पाण्याचे डबे आर्वो हसत हसत वाहायचा.

यंदाच्या हिवाळ्यात त्याला खुर्चीतून उठतानाही धाप लागत होती. हिल्कानं नकाशा पसरला आणि भांडायच्या तयारीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नळाजवळच्या जागेवर बोट ठेवलं.

"का रे, टोकावर अस्वल येऊन बसलंय का?"

"पाणी तुला एकटीला वाहावं लागेल, हिल्का."

ती माझं झाकण पुसत राहिली, धूळ नसतानाही. मग संगणकाकडे वळली आणि तिनं टोकाचीच जागा घेतली.

"लहान डबा नेईन. खेपा जास्त होतील, एवढंच."

"हट्टी आहेस," तो म्हणाला. आणि मग दुपारपर्यंत दोघं बेत करत बसली. वेलदोड्याचा गोड पाव किती न्यायचा, जुनी दोरी टिकेल का. दोघांनाही सगळं माहीत होतं. तरी एकही गोष्ट ठरवायची राहू दिली नाही.

तळ्यावरचं बर्फ फुटायच्या आत आर्वो गेला.

आता मी दाराशी पिशवीत आहे. पोटात दोन कप आहेत. दुसरा हिल्कानं काढलेला नाही. परवा तिनं अंगणात पाण्याचा डबा अर्धा भरून उचलून पाहिला. चार पावलं चालली, खाली ठेवला, पुन्हा उचलला. जमेल तिला. देवाला दिलेला शब्द आहे.

तुम्हीही एक नवस बोला. आपलं माणूस समोर आहे तोवर त्याच्याशी टोकाच्या जागेसाठी मनसोक्त भांडा. आणि कधी एकट्यानं जावं लागलं, तर जागा बदलू नका. पहिला कप तळ्याला द्या, आणि दुसरा आपल्या माणसाच्या जागी भरून ठेवा.