‘ता’चा फोटो

"केस काढून टाक," म्हातारी म्हणाली. "आणि कोट चढव. काळा."

उत्तम गजभियेने पडद्यावरच्या श्वेलिंगकडे पाहिलं. खांद्यावर रुळणारे केस, विटकरी लिपस्टिक, एक भुवई दुसरीपेक्षा अंमळ वर. फोटो त्यानेच काढलेला. तोआ पायोहच्या या स्टुडिओत अठरा वर्षांत त्याने चिनी गिऱ्हाइकांच्या इतक्या हनुवट्या माउसने तासल्या होत्या, की त्यांचा भुगा साठवला असता तर सिंगापूरला समुद्रात भर घालायला बाहेरून वाळू आणावी लागली नसती. एके काळी गोल चेहरा भाग्याचा मानत. मग सगळ्यांना कलिंगडाच्या बीसारखा निमुळता हवासा झाला. हल्ली तर नवरदेवसुद्धा ओठ गुलाबी करून मागत, आणि त्यांच्या आया शेजारी बसून "अजून थोडे" म्हणत. काहीच बदलू नको म्हणणारी एकटी श्वेलिंग.

"हात लावायचा नाही हं, अंकल," ती दटावायची. "हा चेहरा मी फार मेहनतीने मिळवलाय."

मुलगा म्हणून जन्मली, बाई म्हणून जगली आणि परवा, चौतिसाव्या वर्षी, हृदय बंद पडून गेली. समोर बसली होती ती तिची आई.

"आंटी, लिपस्टिक थोडी फिकी करतो. केस राहू द्या."

"बाप ऐकत नाही. म्हणतो, शवपेटीपुढे मुलाचा फोटो लागेल, नाहीतर फोटोच लागणार नाही."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"ता लहानपणी फार गोड होतं," म्हातारी म्हणाली.

चिनी बोलण्यात ‘तो’ आणि ‘ती’ दोन्हींचा उच्चार एकच, ‘ता’. म्हातारी हा ‘ता’ आपल्या मोडक्या इंग्रजीतही घुसडायची. त्या एका अक्षराच्या आडोशाला तिने घरातली भांडणं वर्षानुवर्षं थोपवून धरली होती. फोटोला मात्र असा आडोसा नसतो.

"कर ना लाह, उत्तम. बिनचेहऱ्याचं जाईल रे ता."

उत्तमने केस भादरले. ओठ पुसले. भुवई खाली ओढली, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलं. तासाभराने म्हातारीने प्रिंट हातभर दूर धरून पाहिली.

"हा तर माझा नवरा," ती म्हणाली. "लग्नातला."

तिने प्रिंट पालथी घालून छातीशी धरली आणि लिफ्टकडे निघून गेली.

इतक्यात घरून सुलेखाचा फोन आला.

"अहो, कुठे अडकलात?"

"एक गिऱ्हाईक वारलं. त्याचा फोटो करत होतो."

"अगंबाई! कोण हो? बाई की पुरुष?"

नागपूरपासून सोबत आलेली मराठी आता क्रियापदाशी येऊन अडली.

"गेली," उत्तम पुटपुटला. नेमकी खालून बस धडधडत गेली.

"काय म्हणालात? गेला?"

प्रिंटरवरचा दिवा अजून लुकलुकत होता.

"हो," उत्तम म्हणाला. "गेला."