मजकूर नाही

मी एक जुनी पेटी आहे. पेटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दागिन्यांची येईल, नाहीतर भजनात वाजवतात ती. मी त्यातली कोणीच नाही. मी सूचनापेटी आहे. किंवा होते. आता नेमकी काय आहे हे मला स्वतःलाच ठरवता येत नाही, म्हणून मित्रांनो, माझा सगळा हिशोब तुमच्यापुढे मांडते. जमेला काय धरायचं आणि नावे काय टाकायचं, ते तुम्हीच बघा.

बारामतीच्या एमआयडीसीत ठिबक सिंचनाच्या नळ्या करणारा एक लहानसा कारखाना आहे. एकोणीसशे त्र्याण्णव साली तिथे नवं मशीन आलं. ते ज्या लाकडी खोक्यातून आलं, त्याच्या फळ्यांतून आबाजी सुतारांनी मला घडवलं. वरची बाजू कोणती हे दाखवणारा एक बाण खोक्यावर होता. आबाजींनी नेमकी ती फळी उलटी बसवली. तेव्हापासून माझ्या पाठीवरचा बाण खाली बघतो आहे. माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला असावा.

माझा जन्म का झाला, तेही सांगते. कारखान्याचे मालक मोहनराव पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला गेले होते. तिथे त्यांना कोणीतरी सांगितलं की जपानात प्रत्येक कामगार रोज काहीतरी सुधारणा सुचवतो, म्हणून तिथला माल जगात चालतो. मोहनराव परत आले ते भारलेलेच. आल्या आल्या त्यांनी माझी ऑर्डर दिली, माझ्या कपाळावर लाल रंगात ‘कारखाना तुमचा, सूचना तुमची’ असं लिहून घेतलं आणि मला हजेरीच्या खिडकीशेजारी टांगलं. पुण्याहूनच प्रमोदिनीबाई नावाच्या अधिकारी नेमल्या. त्यांच्याकडे माझी किल्ली आणि एक जाड रजिस्टर. दर शनिवारी दुपारी माझं कुलूप काढायचं, चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या आणि क्रमांक टाकून नोंदवायच्या, असा नियम होता. मला स्वतःला वाचता येत नाही. माझ्या पोटात काय आहे, ते मलाही शनिवारीच कळायचं.

मला टांगलं तो खंडेनवमीचा दिवस होता. त्या दिवशी कारखान्यात मशीन, पाने, हातोडे, वजनकाटा, सगळ्यांची पूजा होते. मलाही झेंडूची माळ पडली, कुंकू लागलं. लोक माझ्यापुढे हात जोडून गेले. मी खूश झाले. पुढे कळलं की ज्याला हात जोडले, त्याच्याकडे गाऱ्हाणं मांडायला माणसं कचरतात.

पहिल्या वर्षी माझ्या पोटात एकवीस कागद आले. मोजून सांगते. सात लग्नपत्रिका होत्या, कारण मालकांच्या हातात पत्रिका द्यायचा संकोच वाटायचा. पाच रजेचे अर्ज. चहात साखर कमी असल्याबद्दल तीन, आणि तेही चारी बाजूंनी ऊस असलेल्या मुलखात. ‘सर्व काही उत्तम आहे, लोभ असावा’ असे चार. राहिले दोन, ते कोरेच होते. ‘प्रत्येकानं चिठ्ठी टाकलीच पाहिजे’ असा हुकूम निघाला होता, तेव्हा दोघांनी हुकूमही पाळला आणि शाईही वाचवली.

याला सुधारणा म्हणतात का, हे मला कळेना. मोहनरावांनाही कळत नसावं. ते माझ्यासमोर उभे राहून मला हलवून बघायचे, कलिंगड पिकलंय का ते बघावं तसे.

खरी अडचण माझ्या जागेची होती. माझ्या बरोब्बर समोर मुकादम सर्जेरावांची खुर्ची. सर्जेराव तसे वाईट नव्हते. पण कोणी माझ्या दिशेने दोन पावलं टाकली की त्यांची मान वळायची. एकदा ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, कोणाला काय तरास असंल तर माझ्या कानावर घाला, लाकडाच्या कानात कशापायी? त्यावर पॅकिंगमधला जोतीराम शांतपणे म्हणाला, “तात्या, तुमच्या कानावर घातलं की ते आमच्या डोक्यावर येतं.” सगळे हसले. त्या महिन्यात जोतीरामला सलग तीन आठवडे रात्रपाळी लागली. मग कोणी हसलं नाही, आणि मीही रिकामीच राहिले.

आता ज्या गोष्टीने माझं आयुष्य फिरलं, ती सांगते.

आमच्याकडे तयार नळीची बंडलं बायका बांधायच्या. एका बंडलाला चार ठिकाणी सुतळी. पण ट्रक इंदापूरच्या वाटेला लागला, चार खड्डे खाल्ले, की गाठी सैल व्हायच्या आणि बंडलं सुटायची. बावड्याच्या एका शेतकऱ्याने तर नळ्यांचा तो गुंता तसाच ट्रॅक्टरात घालून परत आणला आणि फाटकात ओतून गेला. सर्जेरावांचा उपाय एकच, आवळून बांधा. आवळून बांधलं की नळी चेपायची. चेपलेल्या नळीतून पाणी जायचं नाही. असं वर्षभर चाललं. सैल बांधलं तर बोलणी, घट्ट बांधलं तर बोलणी.

त्या बायकांत बानूबाई होती. सणसरकडून पहाटेच्या एसटीने यायची. तिच्या सासऱ्यांपर्यंत घरात मेंढरं होती, आता थोडी शेती आणि हे काम. चार वर्षं ती रोजंदारीवरच होती. त्या दिवाळीला चौघींना कायम करणार होते आणि यादीत आपलं नाव लागावं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. म्हणून ती कधी कोणाला उलटून बोलायची नाही.

पंचाण्णव सालच्या एका शनिवारी सकाळी, सर्जेराव यायच्या आधी, बानूबाई माझ्यापाशी आली. इकडे तिकडे बघून तिने माझ्या तोंडात काहीतरी सरकवलं. कागद नव्हता. वीतभर नळी होती आणि तिच्यावर काळ्या लोकरीच्या दोऱ्याच्या चार गाठी. मला वाटलं, बाई चुकली, मला कचऱ्याचा डबा समजली.

दुपारी प्रमोदिनीबाईंनी कुलूप काढलं, आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. मग पट्टीने ती वस्तू बाहेर ओढली. काळा दोरा. गाठी. वर पिवळे डाग, हळदीचे. आणि कोणीतरी आठवण करून दिली की काल अमावस्या होती.

माझ्यासमोरची गर्दी दोन हात मागे सरली. “करणी हाय,” एक बाई पुटपुटली. सर्जेरावांनी विचारलं, कुणावर? नजरा सगळ्या त्यांच्यावरच गेल्या. त्याच संध्याकाळी भिगवण रस्त्याला त्यांची मोटरसायकल घसरली आणि उजवं मनगट लचकलं. झालं. आता शंका घ्यायला जागाच उरली नाही.

प्रमोदिनीबाईंचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. फेकून देऊ म्हणाल्या. पण नियम त्यांनीच केला होता, पेटीत जे येईल ते नोंदवायचं. म्हणून त्यांनी रजिस्टरात लिहिलं आणि सवयीने मोठ्याने वाचलं: “क्रमांक सदतीस. दोरा, काळा. नळी, वीतभर. मजकूर नाही.” आणि ती वस्तू खणात टाकून दिली. त्यानंतर त्यांनी दोनदा हात धुतले, हेही मी मोजलं.

मोहनरावांचा संताप वेगळाच होता. करणीचं सोडा, पण ज्या पेटीतून कारखाना जपान व्हायचा होता, तिची ही थट्टा कोणी केली? त्यांनी जाहीर केलं की मंगळवारपर्यंत नाव कळलं नाही तर पेटी काढून टाकीन, आणि नाव कळलं तर त्या माणसाला. काळी लोकर कोणाच्या घरात असते, यावर बायकांत कुजबुज सुरू झाली. बानूबाईच्या शेजारी जेवायला बसणाऱ्या दोघी सोमवारी लांब जाऊन बसल्या.

माझी अवस्था तुम्ही समजून घ्या. कोणी टाकलं ते मला माहीत होतं, पण का टाकलं ते माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी बोलले कशी असते? सगळ्यांचं म्हणणं ऐकायला मला केलं, तोंडही दिलं, पण ते फक्त आत घेण्यासाठी.

मंगळवारी सकाळी बानूबाई झाडू घेऊन माझ्याखाली आली. झाडत झाडत हळूच म्हणाली, “तुला म्हाईत हाय, मला म्हाईत हाय. तिसऱ्याला सांगावं का न्हाय, तेवढंच कळंना.” मलाही कळेना. सांगितलं तर काम जाणार. नाही सांगितलं तर संशय घेऊनच दिवाळी येणार, आणि संशयितांची नावं कायमच्या यादीत लागत नाहीत.

नऊच्या सुमाराला बावड्याचा ट्रक भरायला लागला. दुसरा थर चढतो न चढतो, तोच वरची तीन बंडलं सुटली आणि नळ्या उलगडत फाटकापर्यंत गेल्या. सर्जेराव लचकलेला हात गळ्यात बांधून ओरडत होते. मोहनराव बाहेर आले, सगळ्यांना माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले की शेवटचं विचारतो, ते काम कोणाचं?

मग बानूबाई पदर खोचून पुढे आली.

“साहेब, ती करणी न्हाय. ती सूचना हाय.”

“ही सूचना?” मोहनरावांनी विचारलं.

“मला लिवाया येत न्हाय. पेटीत टाका म्हनला, म्हून गाठ मारून टाकली. मेंढरं कोंडायला आमी जाळी लावतो, वाघर म्हनत्यात. तिची गाठ हाय ही. मेंढरानं धडक दिली तर आवळती, आन् शेपूट वडलं की सुटती. नळी बी चेपत न्हाय.”

“मग हळद कशापायी?” सर्जेरावांनी विचारलं.

“बिरोबाचा भंडारा हाय त्यो, तात्या. आवसंला देवाला गेल्ते. बोटं पुसायची ऱ्हायली, येवढी चूक माजी.”

प्रमोदिनीबाई आत गेल्या आणि खणातून क्रमांक सदतीस घेऊन आल्या, या वेळी पट्टीशिवाय. बानूबाईने तो तुकडा सर्जेरावांपुढे धरला आणि ओढून बघा म्हणाली. सर्जेरावांनी आधी आजूबाजूला बघितलं, मग खिशातून रुमाल काढला, डाव्या हाताला गुंडाळला आणि ओढलं. गाठ आवळली. आणखी ओढलं. जागची हलली नाही. बानूबाईने दोऱ्याचं शेपूट दोन बोटांत धरून हिसका दिला, आणि गाठ नव्हतीच जणू, अशी सुटली.

मग तिने सुतळी घेऊन एक अख्खं बंडल तसंच बांधलं. जोतीरामने ते ट्रकच्या टपावर नेलं आणि कोणी सांगायच्या आत खाली टाकलं. बंडल आपटलं, दोनदा उसळलं आणि गप्प पडलं. चारही गाठी जागच्या जागी होत्या.

“चार वर्षं इथं काम करताय, बानूबाई,” मोहनराव म्हणाले. “आधी का नाही सांगितलंत?”

“इचारलं कुणी, साहेब? ही पेटी ठिवली, तर ती बी शिकल्याल्यांची.”

हे वाक्य तिने मोहनरावांना सांगितलं, पण बोट माझ्याकडे होतं. माझ्या कपाळावरची लाल अक्षरं त्या दिवशी पहिल्यांदा मला टोचली.

दिवाळीला यादी लागली. बानूबाईचं नाव तिसरं होतं. नव्या बांधणीचा फलकही लागला, जोतीरामने तो मोठ्याने वाचला: ‘सूचना बानूबाईंची, मार्गदर्शन सर्जेरावांचं.’ मार्गदर्शन कोणतं, तर बहुधा रुमालाचं.

प्रमोदिनीबाईंनी मात्र एक केलं. त्या मंगळवारनंतरच्या शनिवारपासून त्या रजिस्टर घेऊन माझ्याकडे यायच्या थांबल्या आणि बंडलं बांधतात तिथे पोत्यावर जाऊन बसू लागल्या. ज्याला जे दाखवायचं ते हाताने दाखवावं, त्या लिहून घेणार. पहिले दोन शनिवार कोणी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या शनिवारी एकीने पाण्याच्या हौदापाशी पाय कुठे घसरतो ते दाखवलं. मग थांबेचनात. जोतीरामने तर सर्जेरावांच्या खुर्चीची जागा बदलायची सूचना केली, आणि आश्चर्य म्हणजे सर्जेरावांनी खुर्ची स्वतः उचलली.

आणि मी? मी रिकामी. आधी कोणी काही बोलत नव्हतं म्हणून रिकामी, आता सगळे बोलतात म्हणून रिकामी. आतून दोन्ही वेळा सारखंच वाटतं, मित्रांनो, आणि इथेच माझा हिशोब अडतो. अठ्ठ्याण्णव साली भिंतीला रंग देताना मला खाली उतरवलं, ते पुन्हा कोणी टांगलंच नाही. वर्षभर मी धुळीत होते. शेवटी बानूबाईच मला उचलून घेऊन गेली. आता मी तिच्या कामाच्या जागी असते. माझ्या पोटात सुतळीचा गुंडा ठेवतात आणि जिथून चिठ्ठ्या आत जायच्या, त्याच फटीतून सुतळीचं टोक बाहेर येतं. दिवसभर बायका माझ्या तोंडातून सुतळी ओढतात आणि वाघरीच्या गाठी मारतात. माझी बढती झाली की मला खाली उतरवलं, ते मला अजून उमगलेलं नाही. पाठीवरचा बाण तर अजून खालीच बघतो.

पण एवढं सांगते. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणी कारखाना काढेल, कोणी साहेब होईल. भिंतीवर पेटी टांगाल तर टांगा, पण तेवढ्यावर थांबू नका. काम करणाऱ्याच्या शेजारी पोतं टाकून बसा आणि त्याचे हात बघा. आणि एखाद्या दिवशी पेटीत असं काही सापडलं की ज्यावर मजकूर नाही, तर हात मागे घेण्याआधी ते एकदा ओढून बघा.