शिक्क्यासह परवानगी

परवानगीइतकी पवित्र गोष्ट जगात दुसरी नाही, असं पितांबर नाना मानत. एका तहसील कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करताना त्यांनी ती कोणाच्या सहजासहजी हाती लागू दिली नव्हती.

निवृत्तीनंतर ते धरणगावात राहत. त्यांचा पुतण्या नवीन दिवसा ठिबकच्या नळ्या विकायचा आणि संध्याकाळी यूट्यूबवर परदेशी पटाचे खेळ अहिराणीत समजावून सांगायचा. बघणारे वाढले, व्हिडिओंवर जाहिराती येऊ लागल्या आणि त्यांच्यामागोमाग तक्रारीही. खेळांवरची चित्रं न विचारता दाखवली म्हणून दोन कंपन्यांनी आक्षेप घेतला होता. तिसरा आला की चॅनेल बंद.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात घरोघरी पत्त्यांचे डाव पडतात. त्या दिवशी नवीनला नॉर्वेचा एक खेळ दाखवायचा होता. आठवडाभर आधी त्याने घरी पट उलगडला आणि नाना खुर्चीतून उठले. मधोमध दीपगृह, भोवती समुद्र, प्रत्येक लाटेखाली वेगळा मासा. एप्रिलच्या धरणगावात एवढं पाणी एका ठिकाणी त्यांनी पाहिलं नव्हतं.

"हे कोणी काढलं?"

"तिकडची एक बाई आहे, नाना. खेळ तिचा, चित्रंही तिचीच."

"मग तिला रीतसर अर्ज कर. मी मसुदा देतो."

मसुद्यात 'विषय' होता, 'संदर्भ' होता, 'सदरहू पट' सात वेळा होता. सोबत आधारकार्डाची झेरॉक्स आणि रहिवासी दाखला. नवीनने त्याचं इंग्रजी करून मेल पाठवला.

"आता तीन महिने बघायचं नाही," नाना म्हणाले.

उत्तर एकोणीस मिनिटांत आलं. पट खुशाल दाखवा, जाहिराती असल्या तरी चालेल, खाली माझं नाव लिहा, मला आनंद होईल.

नानांनी चष्मा पुसला. "जावक क्रमांक?"

"नाही."

"शिक्का?"

"नाही, नाना."

"आणि आनंद होईल? परवानगी देणाऱ्याला आनंद कसा होईल? बनावट आहे हे. चॅनेल घालवशील."

आतून मंदाकाकू म्हणाल्या, "तिनी हो म्हनी टाकं. मंग तुम्हनं काय अडकेल शे?"

"शिक्का," नाना म्हणाले.

नवीनला लाज वाटली, पण दोन आक्षेप डोक्यावर होते. त्याने लिहिलं: आमच्या काकांना शिक्का हवा आहे.

दुसऱ्या दिवशी शिक्का आला. बाईंच्या दप्तरात तो नव्हता, म्हणून त्यांनी जलरंगात काढला होता. गोल, निळा. मध्ये बोटाच्या नखाएवढं दीपगृह, कडेने एकामागे एक पोहणारे मासे, आणि वर जावक क्रमांक १. त्याखाली तीच परवानगी, पटापुरती, सहीनिशी.

नवीनने रंगीत प्रिंट काढून आणली. नानांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि खिडकीशी नेली. चौतीस वर्षांत त्यांनी मारलेल्या शिक्क्यांची मोजदाद नव्हती. त्यातला एकही त्यांनी पाहिला नव्हता.

"बत्तीस मासे आहेत," ते शेवटी म्हणाले. "आणि प्रत्येकाला डोळा."

मंदाकाकू हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनीही मोजले.

आखाजीच्या सकाळी नवीनने मोबाइल स्टँडला लावला, पट मांडला आणि समोरच्या बाजूला बसून बोलायला लागला. आक्षेप घेणाऱ्याने आधी कागद बघावा म्हणून नाना तो मोबाइलसमोर धरून स्टँडशेजारी बसले होते.

"नाना, हात अवघडेल," नवीन मध्येच म्हणाला.

"तू बोल. तिसरा आक्षेप मी येऊ देत नाही."

गाव पत्त्यांवरून उठायच्या आत टाकायचा म्हणून नवीनने व्हिडिओ न बघताच टाकला. खाली बाईंचं नाव नीट लिहिलं.

व्हिडिओ अकरा मिनिटांचा आहे. त्यात पट दिसत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत शिक्का दिसतो, आणि तो दाखवायची परवानगी त्या कागदात नाही.